खरातबाईंचा बाहेरचा नळ

सकाळी शाळेला निघण्याआधी खरातबाई ओट्यावर उभ्या राहून बाटली हलवायच्या. औषधाची जुनी काचेची बाटली, तिच्यात अर्धं पाणी आणि वर साबणाच्या पाण्याचे थोडे थेंब. बूच लावायचं, खदाखदा हलवायचं आणि डोळ्यांसमोर धरून बघत राहायचं. फेस बोटभर चढून टिकला की म्हणायच्या, "पास." फेस बसला आणि पाण्यात फाटल्या दुधासारखा चोथा दिसला की, "नापास. आज मीठ." आमची आणि त्यांची भिंत एकच, त्यामुळे हा निकाल माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला रोज फुकटात ऐकू यायचा. मी लग्न होऊन त्या कॉलनीत आले तेव्हा सुरुवातीला मला वाटलं होतं, बाईंना बाहेरचं काही लागलंय की काय.

बाई उंच, हाडापेरानं रुंद. चष्मा सतत नाकावर घसरलेला आणि पदराला कायम पिन. जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. समोरच्याला प्रश्न विचारून उत्तर येईपर्यंत थांबायचं, ही वर्गातली सवय त्या घरी येताना सोडून यायच्या नाहीत. भाजीवाल्याला म्हणायच्या, "वांगी ताजी आहेत हे तू कशावरून म्हणतोस?" आणि थांबायच्या. तो बिचारा वांग्यांकडे बघत राहायचा. शेवटी कंटाळून दोन वांगी जास्तीची टाकायचा आणि गाडा पुढे ढकलायचा.

त्यांची आणखी एक सवय होती, ती कळायला मला वेळ लागला. कुणाच्या दारात गेल्या तर त्या पायरीच्या खालीच उभ्या राहून बोलायच्या. "आत या ना बाई," म्हटलं की, "नको, शाळेची घाई आहे." रविवारीसुद्धा. बाई बौद्ध, आणि आमच्या गल्लीत तसं घर त्यांचं एकट्याचंच. कुणी त्यांना 'आत येऊ नका' असं कधी म्हटलं नव्हतं. पण दुसऱ्यांदा 'या' असंही कुणी म्हणायचं नाही, आणि बाई एकदाच्या बोलावण्यावर जाणाऱ्यांतल्या नव्हत्या.

आमच्या कॉलनीतलं बोअरचं पाणी म्हणजे एक शिक्षा होती. नगरपालिकेचं पाणी यायचं ते त्याच्या मर्जीनं, बाकी सगळा कारभार बोअरवर. त्या पाण्यात तुरीची डाळ कितीही उकळा, दाणा न् दाणा वेगळा. डोक्यावरून पाणी घेतलं की केसांची खराटी व्हायची. तांब्याला आतून पांढरा लेप चढायचा, तो चिंचेनं घासून घासून हात दुखायचे. माझ्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणायचो, कुंभार पिंपळगावच्या गोड विहिरीवर वाढलेल्या. त्या म्हणायच्या, "ह्या गावात पोरगी द्यायच्या आधी बापानं डाळ शिजवून बघावं."

खरातबाईंचे यजमान तेलगिरणीत बॉयलरवर होते. त्यांना सगळे खरातभाऊ म्हणायचे. बॉयलरला असलं पाणी चालत नाही, नळ्यांत खडू साठतो, म्हणून गिरणीत पाणी हलकं करायची टाकी होती. ती बघून बघून भाऊंनी घरासाठी तशीच लहान टाकी करून घेतली. जुन्या जालन्यातल्या शेख मिस्त्रींनी लोखंडी पत्र्याची कमरेएवढी उभी टाकी जोडून दिली. आत मोहरीएवढे पिवळसर दाणे भरलेले. पाणी त्यांच्यातून उतरलं की क्षार दाण्यांना चिकटून राहायचा आणि खाली गोडं पाणी यायचं. दाण्यांचं पोट भरलं की खडेमिठाचं पाणी सोडून ते धुवायचे, आणि धुतलेलं खारट पाणी मोरीत सोडायचं, की टाकी पुन्हा कामाला तयार. त्या काळी, ऐंशी सालानंतरच्या त्या वर्षांत, अशी वस्तू आमच्या अख्ख्या भागात दुसरी नव्हती.

टाकी बसली मागच्या अंगणात. एक नळ स्वयंपाकघरात गेला. दुसरा बाईंनी गल्लीच्या बाजूला, फाटकाशेजारच्या भिंतीत बाहेर काढायला लावला. हे त्यांनीच मला सांगितलं. "भाऊ म्हणले, बाहेरच्या नळाचा खर्चा कशाला? मी म्हणलं, तेवढ्याचसाठी तर टाकी करायची."

नळ झाला आणि बाईंनी घरोघर, पायरीखाली उभं राहून सांगितलं, "गोडं पाणी आहे, नळ उघडाच असतो, न्या." सगळ्यांनी "हो हो, नेऊ की" म्हटलं. गोड बोलण्यात आमची गल्ली कुणाला हार जाणारी नव्हती. न्यायला मात्र कुणी आलं नाही. संध्याकाळी बाई ओट्यावर खुर्ची टाकून वह्या तपासायच्या आणि मधून मधून चष्म्यावरून नळाकडे बघायच्या.

पहिली आली ती प्लॅस्टिकची बादली. समोरच्या घरची सून, अंधारून आल्यावर, पदराआड बादली धरून. केस धुवायला. मग आणखी बादल्या आल्या. मग कुणाच्या पांढऱ्या कपड्यांसाठी डबा आला. पुष्कळ दिवसांनी एक पातेलं आलं. मी बाईंना म्हटलं, "बघा, यायला लागले की लोक."

बाई म्हणाल्या, "वहिनी, लोक तोंडानं काय म्हणतात ते सोडा, भांडं बघा. बादली म्हणजे डोकं धुवायला. पातेलं म्हणजे डाळीला. उकळून घ्यायचं असतं, म्हणून चालतं. कळशी म्हणजे प्यायला." चष्मा वर सरकवून म्हणाल्या, "कळशी अजून यायची आहे."

एका रविवारी दुपारी त्या बादलीत खडेमीठ कालवत होत्या आणि मी मधल्या कठड्यावर टेकून गप्पा मारत होते. बोलता बोलता मी विचारलं, "बाई, लोकांच्या कळशीचं तुम्हाला एवढं काय?" त्या मीठ ढवळत राहिल्या. बोलायला लागल्या तेव्हा शाळेतली भाषा गळून पडली होती.

"आमचं गाव आष्टीकडं. माझी माय विहिरीपासून लांब, खाली घागर ठिवून बसायची. वर चढायचं न्हाई, दोराला हात लावायचा न्हाई. कोण्या बाईला दया आली तर ती वरून ओतायची. न्हाई आली तर बसून राह्यची. मी तिच्या बाजूला, उन्हात. किती बाया यायच्या, भरून जायच्या. माय कुणाला काही म्हणायची न्हाई, नुसती बघायची." हातातली काठी थांबली. "मला तवापासून एकच वाटतं बघा. आपल्या दारात कुणीतरी कळशी घिऊन यावं, अन् आपण म्हणावं, भरा की, किती पायजे तितकं. बस. दुसरं काही नको मला."

घरात येऊन उगीच भांडी लावत बसले. डोळ्यांत पाणी होतं ते आत्याबाईंना दिसू नये म्हणून.

आणि कळशी आली ती भांडणातून आली. होळीचा सण होता. आत्याबाईंचे पुतणे गावाकडून जेवायला येणार होते. पुरणाच्या डाळीला गोडं पाणी हवं, म्हणून आत्याबाई घाईघाईनं स्वतःच नळावर गेल्या, पातेलं भरलं आणि आल्या. बाई तेव्हा मागे टाकी धूत होत्या. बाहेरच्या नळाला येत होतं ते मिठाचं पाणी. डाळ शिजली, गूळ पडला, पुरण वाटून झालं, आणि चाखून बघितलं तर तोंडात धरवेना. गूळही आणि मीठही. गल्लीत बातमी जायला वेळ लागत नाही. कुणीतरी म्हणालंच, "त्यांच्या पाण्याचं असंच व्हायचं." मला वाटलं, संपलं. आता बादलीसुद्धा यायची नाही.

आत्याबाई पदर खोचून तरातरा फाटकाशी गेल्या. "ओ मास्तरीणबाई! मीठ सोडता तर नळाला फडकं तरी बांधावं का न्हाई? सणाचं पुरण गेलं की माझं!"

बाई ओल्या हातानं धावत आल्या. चेहरा पांढरा पडलेला. "चुकलं आत्याबाई. माझ्या ध्यानात न्हाई राह्यलं."

"चुकलं म्हणून पोळ्या व्हत्यात का? पोरं यिऊन बसतील आता. पाणी गोड कधी व्हईल ते सांगा जल्दी!"

"घंटाभरात."

"मंग मी यिऊन राह्यले घंटाभरात. अन् ह्यावेळी चाखून दाखवा मला."

तासाभरानं आत्याबाई खरंच गेल्या. डाव्या हातात पातेलं आणि कमरेवर घरातली तांब्याची कळशी. मी दारातून बघत होते. बाईंनी ओंजळभर पाणी पिऊन दाखवलं. आत्याबाईंनी पातेलं भरलं, मग कळशी नळाखाली लावली. बाईंनी कळशीकडे बघितलं. आत्याबाईच म्हणाल्या, "पुतण्यांना प्यायला लागतंय. सारखं सारखं कोण यील? एकदाच नेते."

त्या रात्री पोळ्या झाल्या. दुसऱ्या दिवशी बाई कठड्याशी आल्या. हसत होत्या आणि चष्मा काढून डोळे पुसत होत्या. "वहिनी, काल त्या माझ्यावर ओरडल्या. बघितलं ना तुम्ही? गल्लीत सगळ्यांसमोर ओरडल्या. परक्यावर असं कुणी ओरडत न्हाई." मी त्यांना इतकं आनंदात आधी कधी बघितलं नव्हतं, नंतरही फार वेळा नाही. तेव्हापासून मीठ सोडलेलं असलं की नळाला लाल फडकं बांधलेलं असायचं, आणि ते सुटायची वाट बघत कळशा ओळीनं उभ्या असायच्या.

ती वर्षं बाईंच्या भरभराटीची. उन्हाळ्यात संध्याकाळी त्यांच्या दारात बायकांची बैठकच भरायची. बाई कुणाला भरून द्यायच्या नाहीत. "नळ तुम्ही सोडा, हात तुमचा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. बाळंतिणीच्या खोलीत त्यांचं पाणी, परगावचा पाहुणा आला तर त्यांचं पाणी. त्यांनी दिलेली पौर्णिमेची खीर आधी काही घरी दाराआडच संपायची, म्हणजे कामवालीला जायची. ती आता वाटी विसळून, "गोड मस्त झाल्ती हां बाई," असा निरोप घेऊन परत यायला लागली. पायरीखाली उभं राहणंही सुटलं. आत्याबाईंनीच एकदा दटावलं, "वर या, मान दुखून राह्यली माझी खाली बघून बघून."

भाऊ अचानक गेले. छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. घर माणसांनी भरलेलं होतं. मिलिंद, त्यांचा मुलगा, तेव्हा कॉलेजात होता, तो एका कोपऱ्यात भिंतीला टेकून बसलेला. माती झाल्याच्या दुसऱ्या सकाळी मी चहा घेऊन गेले तर बाई मागच्या अंगणात बादलीत मीठ कालवत बसलेल्या. एक नातेवाईक बाई मला हळूच म्हणाली, "डोक्यावर परिणाम झाला का हिच्या?" मी जवळ गेले. त्या वर न बघता म्हणाल्या, "नापास झालं पाणी. लोकांच्या कळशा परत जातील." आणि तेव्हा कुठे त्या रडायला लागल्या. मीठ घातलेल्या त्या बादलीवर वाकून रडल्या. मी पाठीवर हात ठेवला, दुसरं काय करणार होते?

भाऊंनंतर टाकीचं सगळं बाईच बघायच्या. वाल गळला, वायसर गेला, की शेख मिस्त्री सायकलवरून यायचे. त्या निवृत्त झाल्या, मिलिंद पुण्यात नोकरीला लागला, आत्याबाई गेल्या. एका सकाळी खिडकीतून ऐकलं, "नापास." दुसऱ्या दिवशी मीठ सोडूनही "नापास." तिसऱ्या दिवशी टाकीच्या बुडाशी ओल दिसली.

मिस्त्री आता म्हातारे झाले होते. उकिडवं बसून त्यांनी बुडावर हातोडीनं टकटक केलं, तर पत्र्याची खपली निघाली. "बाई, बूड गल्लंय. एका जागी झाळलं तर बाजूचा पत्रा फाटून राह्यला. दाने बी काळे पडले. बिलकुल गेलं हे. नवीन घ्या."

मिलिंद त्या आठवड्यात आला होता. त्याला तर हेच हवं होतं. त्यानं पुण्याहून रंगीत कागद आणला होता. पांढरी, फायबरची, देखणी वस्तू. घड्याळ लावलेलं, मीठ ती आपली आपण घ्यायची. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मावायची. बाईंनी चष्मा सावरून कागद नीट वाचला आणि विचारलं, "बाहेरच्या नळाचं काय?" आणि थांबल्या.

"आई, ती एका घरापुरती असते. गल्लीला पुरत नसते."

"मग मला नको."

"पण तुझं वय काय, मिठाच्या बादल्या उचलतेस काय! काकू, तुम्ही तरी सांगा हिला."

मी बाईंकडे बघितलं. मिलिंद वाईट मुलगा नव्हता. आईच्या गुडघ्यांची काळजी होती त्याला. पण त्याच्या तोंडून जायला नको ते गेलं. "कोण येतं गं आता? शेवटची कळशी कधी आली ते सांग. काही घरी तर पाण्याचे जार येतात."

बाई म्हणाल्या, "टाकी बंद आहे म्हणून येत न्हाईत. बंद दुकानात कोण जातं? चालू झाली की येतील." मग मिस्त्रींकडे वळून, "खालचा भाग नवा जोडा. दाणे नवे भरा. वरचं अंग भाऊंच्या वेळचं आहे, ते चांगलं आहे ना?"

"वरचं बराबर आहे," मिस्त्री म्हणाले.

"मंग करा."

मिलिंद कागदाची घडी घालून खिशात ठेवून पुण्याला गेला. नवे दाणे औरंगाबादेहून यायचे होते, ते लवकर येईनात. मिस्त्रींना मध्येच ताप आला. अख्खा उन्हाळा टाकी मिस्त्रींच्या दुकानात आडवी पडून होती. आणि त्याच उन्हाळ्यात निळ्या जारांचा टेम्पो आमच्या गल्लीत रोज यायला लागला. एक एक करत सगळ्यांनी जार लावले. माझ्या मुलानंही लावला. थंडगार, गोडं, दारात आणून देणार. बाई ओट्यावर बसून टेम्पो येताना बघायच्या आणि जाताना बघायच्या.

टाकी आली ती पावसाळा सुरू झाल्यावर. बाईंनी ओटा धुतला, नळाची तोटी चिंचेनं लख्ख केली. पहिल्या सकाळी बाटली घेऊन त्या माझ्या दारात आल्या. फेस बुचापर्यंत चढला होता. "पहिल्या नंबरात पास," म्हणाल्या. मग घरोघर जाऊन सांगून आल्या. "हो हो, नेऊ की," सगळे म्हणाले. अगदी मनापासून म्हणाले हो, त्यात आता तसलं काही नव्हतं. सगळ्यांना बाईंबद्दल आदर होता. त्यांना पाणी लागत नव्हतं, एवढंच.

संध्याकाळी बाई खुर्ची टाकून बसल्या. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशी नाही, आठवड्यानंतरही नाही. मला बघवेना. आत्याबाईंची कळशी मी माळ्यावरून काढली, घासली आणि नळावर गेले. बाई खुर्चीतून उठल्याच. "भरा की वहिनी! किती पायजे तितकं." रोज जायला लागले. पाणी आणायचं आणि झाडांना घालायचं.

एके दिवशी बाई काहीतरी द्यायला आमच्याकडे आल्या आणि ओट्यावरच्या जाराशी थबकल्या. शेजारी माझी कळशी भरलेली तशीच होती, आदल्या दिवशीची.

"जार आहे की तुमच्याकडं. मग माझं पाणी कशाला नेता?"

"डाळीला लागतं."

"जाराच्या पाण्यात डाळ शिजत न्हाई का?" असं विचारून त्या थांबल्या. मला आयुष्यात इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. भाजीवाला वांग्यांकडे बघायचा, मी जाराकडे बघत राहिले.

"शिजते ना?"

"शिजते," मी म्हटलं.

बाईंनी मान हलवली. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "वहिनी, तुमच्या मनात वाईट न्हाई, ठाऊक आहे मला. पण मला बरं वाटावं म्हणून नेऊ नका. दया म्हणून दिलेलं पाणी मी लई पेले. दया म्हणून नेलेलं न्हाई बघवत."

बाईंच्या सांगण्यावरून शेख मिस्त्रींनी टाकी काढली, बाहेरचा नळ काढून भिंतीतल्या भोकात सिमेंट भरलं. मिलिंदला बाईंनी स्वतःच फोन करून सांगितलं, नवीही नको. पुढे तो त्यांना पुण्याला घेऊन गेला आणि तिकडेच त्या वारल्या. मला उशिरा कळलं. माझ्या डोळ्यांसमोर राहिल्यात त्या निघायच्या आदल्या आठवड्यातल्या. मी भेटायला गेले होते. मागचं अंगण रिकामं, टाकी होती तिथे गंजाचा गोल डाग. स्वयंपाकघरात कट्ट्यावर निळा जार. बाईंनी त्यातून दोन ग्लास भरले, एक माझ्यापुढे ठेवला, एक स्वतः घेतला आणि जमिनीवर माझ्यासमोर बसल्या.

"गोड आहे," एक घोट घेऊन म्हणाल्या. ग्लास हातात फिरवत राहिल्या. "याचं एक बरं आहे, वहिनी. हे कुणाच्याच घरचं न्हाई."

उरलेलं पाणी त्यांनी पिऊन टाकलं, मीही माझा ग्लास संपवला, आणि त्यांनी दोन्ही ग्लास विसळायला घेतले.